मामंजींना वाचून दाखवलेली चित्रं

सोलापुरात मार्शल लॉ लागून गेला, त्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेन. माहेर बार्शीचं, मराठी सातवी पास झालेली, आणि छापलेलं काहीही दिसलं की वाचल्याशिवाय सोडायची नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा आधी सरळ करून वाचायची आणि मग चुलीत घालायची.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. हे एका गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. मामंजी माढ्याला हेडमास्तर होते, पेन्शन घेतल्यावर आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. उजेड कळायचा, माणूस आल्याचं कळायचं, पण अक्षर दिसत नव्हतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवलं, त्याला आता सुनेकडून ऐकावं लागत होतं. रोज दुपारी मागचं आवरलं की मी उंबऱ्याशी बसून त्यांना वाचून दाखवायची. माझा ‘श’ आणि ‘ष’ त्यांना वेगळा ऐकू यायलाच हवा असे, नाहीतर ते बोट वर करून मला थांबवायचे.

यांना एक थोरले भाऊ होते. माझ्या लग्नाच्या आधी चार वर्षं मामंजींशी काहीतरी बोलाचाली होऊन ते घर सोडून गेले होते. कशावरून, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांचं नाव घरात निघत नसे.

एक दिवस हे गिरणीतून चुरगळलेल्या कागदांचा एक गठ्ठा घेऊन आले. परदेशातून यंत्राचे सुटे भाग आले होते, त्या खोक्यात भोवतीनं हे कागद कोंबलेले होते.

“फडताळात घाल,” म्हणाले. “जाड आहेत, टिकतील.”

मी एकेक कागद मांडीवर घेऊन तळहाताने सरळ करू लागले. सगळी इंग्रजी वर्तमानपत्रं. त्यातलं एक पान रंगीत निघालं. तांबडा, पिवळा, निळा. पानभर चौकटी आखलेल्या, आणि प्रत्येक चौकटीत एक चित्र. मी ते बाजूला ठेवलं.

आज नातवंडांना सांगितलं तर हसतात, पण मला ते पान कसं धरायचं तेच कळेना. नऊ चौकटी होत्या आणि त्यातल्या बहुतेकांत एक बुटका, पोट सुटलेला, बारकी टोपी घातलेला माणूस होता. पहिल्यांदा मला वाटलं, हे सगळे भाऊ असावेत. आमच्याकडच्या पुस्तकांत एका गोष्टीला एक चित्र असायचं, तेही धड्याच्या वरती. एकच माणूस एका पानावर इतक्यांदा कशाला काढतील? मग त्याच्या कोटाचं एक बटण तुटलेलं दिसलं आणि ते सगळीकडे तुटलेलंच होतं, तेव्हा तो एकच माणूस असल्याचं लक्षात आलं. त्याच्या तोंडातून पांढरे फुगे निघत होते आणि फुग्यांत अक्षरं होती. ते फुगे मला विडीचा धूर वाटले होते.

मी यांना म्हटलं, “एवढं वाचून सांगा की.”

यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. “आय म्हणजे मी,” म्हणाले. पुढच्या शब्दावर बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. “ह्याचं स्पेलिंगच चुकलंय.” त्याच्या पुढच्याचंही चुकलेलं निघालं. यांचं इंग्रजी बेअरिंग आणि बेल्टिंगचं, रोजच्या वापरातलं आणि पक्कं. त्यात या टोपीवाल्याचं बोलणं बसेना. कान लाल झाले त्यांचे. “शिकलेल्या माणसाचं लिहिणं दिसत नाही हे,” म्हणून पान माझ्याकडे सरकवलं आणि हात धुवायला निघून गेले.

मग मीच ते लावायला बसले. दोन-तीन दिवस जातायेता पाहत होते. पहिल्या चौकटीत टोपीवाला हातात एक लहान ट्रंक घेऊन उभा. दुसरीत दारात एक उंच, वाळलेली बाई, दोन्ही हात कमरेवर. तिसरीत तो पाठमोरा चाललेला, मागे कुत्रं. चौथीत त्याच्या तोंडाभोवती थेंबच थेंब उडालेले. पाचवीत तो एका बाकावर बसलेला आणि डोक्याभोवती चांदण्या. पुढच्या तीन चौकटींत नुसतंच चालणं आणि कुत्रं. शेवटच्या चौकटीचा कोपरा फाटून गेला होता, तिथे फक्त त्याचा बूट दिसत होता.

एका दुपारी वर्तमानपत्र आलं नव्हतं. मामंजी खुर्चीत बसून होते.

“कागद वाजतोय,” म्हणाले. “काय आहे हातात?”

“काही नाही. चित्रं आहेत.”

“अक्षर आलेल्या माणसाने चित्रं बघत बसू नये. चित्रं बिगरीतल्या पोरांसाठी असतात.” खुर्चीत जरा पुढे सरकले. मग म्हणाले, “कसली चित्रं?”

मी सांगायला लागले. एक माणूस घर सोडून चाललाय. बायको दारात उभी आहे, ती त्याला अडवत नाही. तो थोडा पुढे जातो आणि रडतो. मग रात्र होते. उघड्यावर बाकावर बसून राहतो, वर चांदण्या आहेत.

सांगता सांगता आपण काय सांगतोय हे माझ्या ध्यानात आलं. पण आता थांबणं जास्त वाईट दिसलं असतं.

मामंजींनी मात्र धडा घेतल्यासारखे प्रश्न विचारले. “दारातून निघाला आणि मग रडला, या दोहोंच्या मध्ये काय झालं?”

“ते काढलेलं नाही.”

“मग तो पुढे गेल्यावर रडला, हे तू कशावरून म्हणतेस?”

मी पान परत पाहिलं. दोन चौकटींच्या मध्ये कोरा पांढरा पट्टा होता, बोटभर. तिथे काही नव्हतं, तरी तो माणूस त्या पट्ट्यातून चालत गेलेला मला दिसला होता.

“ट्रंक मोठी आहे का लहान?” त्यांनी विचारलं.

“लहान आहे.”

“मग फार दिवसांसाठी निघाला नसेल,” मामंजी म्हणाले आणि त्यांनी मान मागे टेकली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं होतं. तरी ते वाचून झाल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, “त्या माणसाचं पुढे काय?”

मी यांच्यामागे लागले. यांनी स्टोअरमधून आणखी कागद आणले. त्यात टोपीवाल्याची दोन पानं मिळाली, पण आधीची की नंतरची, काही कळायला मार्ग नव्हता. एकात तो जेवायला बसला होता आणि ती उंच बाई वाढत होती. हे घर सोडण्याच्या आधीचं असलं तर गोष्ट एक होते, नंतरचं असलं तर दुसरी. मी तास दीड तास दोन्ही पानं खालीवर केली. शेवटी मामंजींना सांगितलं, की तो परत आला आणि बायकोने त्याला जेवायला वाढलं.

“काही बोलली नाही ती?”

“तोंड मिटलेलं आहे.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

त्याच सुमाराला शेजारची पद्मसाळ्यांची बाई विरजण मागायला आली. घरात त्यांचा हातमाग होता, दिवसभर नळ्या भरून द्यायची. अक्षर तिला कोणत्याच भाषेतलं येत नव्हतं. माझ्या मांडीवरचं पान तिने उभ्याउभ्या पाहिलं आणि खुदकन हसली.

“मारलं की ह्याला,” बाकावरच्या चौकटीकडे बोट करून म्हणाली. “लई जोरात मारलं.”

“मारलं नाही, रात्र झालीय. चांदण्या आहेत बघ.”

“चांदण्या डोक्यालाच चिकटून असतात व्हय वैनी?” ती म्हणाली आणि वाटी घेऊन गेली.

मला राग आला. हिला अक्षर येत नाही आणि ही मला सांगणार. पण ती गेल्यावर पाहिलं, तर चांदण्या खरंच त्याच्या टोपीभोवतीच होत्या. आभाळात एकही नव्हती. आणि आभाळ पिवळं होतं. इतके दिवस ते मला दिसलं नव्हतं. तरीही मामंजींना मी काही बोलले नाही.

हिवाळ्यात मामंजींना मिरजेला नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं. पुढे जाड भिंगांचा चष्मा आला. पहिले काही दिवस ते घरभर फिरून वस्तू पाहत होते. माझ्याकडेही त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. “तू इतकी लहान आहेस?” म्हणाले.

मग त्यांनी ती पानं मागितली.

मी फडताळातून काढून दिली आणि स्वयंपाकघरात गेले. ज्वारीचं पीठ मळायला घेतलं पण सगळं लक्ष बाहेर. नुसता कागद वाजत होता. संध्याकाळी त्यांचे एक जुने स्नेही आले, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मामंजींनी ती पानं त्यांच्यापुढे ठेवली. थोड्या वेळाने त्या गृहस्थांचं हसणं आत ऐकू आलं. नंतर मामंजींनी मला हाक मारली.

स्नेही गेले होते. मामंजी पान गुडघ्यावर घेऊन बसले होते.

“हा माणूस घर सोडून गेला नव्हता,” ते म्हणाले. “बायकोला चुकवून पत्ते खेळायला चालला होता. ट्रंकेत पत्ते. तिने मागून लाटणं फेकून मारलं, ते डोक्यात बसलं, असं फुग्यांत लिहिलंय. हे थेंब घामाचे. आणि ह्या चांदण्या म्हणजे डोक्यात बसल्यावर डोळ्यापुढे चमकतात तसल्या.”

मी पदराशी चाळा करत उभी राहिले.

“तू मला खोटं वाचून दाखवलंस?”

“नाही मामंजी. मला तसंच दिसलं.”

“शेवटी परत आला, तेही?”

“शेवट फाटलेला होता.”

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मला वाटलं, रागावतील. नाहीतर हसतील तरी. त्यांनी दोन्ही केलं नाही. पान खाली ठेवलं आणि म्हणाले, “त्याचा पत्ता माझ्यापाशी आहे.”

मला आधी वाटलं, टोपीवाल्याबद्दलच बोलताहेत. मग समजलं.

“हुबळीला आहे तो. रेल्वेच्या कारखान्यात. पहिल्याच वर्षी त्याने एक कार्ड टाकलं होतं. मी उत्तर दिलं नाही. घरात कुणाला सांगितलंही नाही.” इतकं बोलून त्यांनी मला टाक आणि दौत आणायला सांगितली. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने कार्ड लिहिलं. अक्षर ओळ सोडून खाली उतरत होतं, पण मला लिहायला दिलं नाही आणि काय लिहिलं ते दाखवलंही नाही.

हे गिरणीतून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. हे पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ बुटाची नाडी सोडत राहिले. “इतकी वर्षं माहीत होतं त्यांना,” एवढंच म्हणाले.

दीड महिन्याने थोरले दीर आले. मी वाट पाहत होते ती एका खंगलेल्या, पश्चात्ताप झालेल्या माणसाची. आले ते चांगले जाडजूड, मिश्या राखलेले, बोलताना मधेच कानडी शब्द टाकणारे. हुबळीला त्यांनी लग्न केलं होतं, एक मुलगी होती. ते मामंजींच्या पाया पडले. मामंजींनी विचारलं, “गाडीला गर्दी होती का?” ते म्हणाले, “होती.” मग डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलणं झालं, इंजिनांबद्दल झालं. चार दिवस राहिले, भाकरी आणि शेंगाची चटणी आवडीने खाल्ली, आणि परत गेले. ज्या भांडणाने घर मोडलं होतं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांनी येत राहिले, मुलीलाही आणलं. मामंजी गेले तेव्हा ते हजर होते.

मामंजींनी ते कार्ड का लिहिलं, हे मला अजून उमगलेलं नाही. मी रचलेल्या रडक्या गोष्टीमुळे लिहिलं म्हणावं, तर ती चुकीची होती हे कळल्यावर त्यांनी लिहिलं. खऱ्या गोष्टीमुळे लिहिलं म्हणावं, तर त्यात लाटणं आणि पत्ते, दुसरं काय होतं? कदाचित डोळे आले म्हणून लिहिलं असेल, चित्रांचा काही संबंधही नसेल. एकदा धीर करून मी त्यांना विचारणार होते, पण सासऱ्यांना असं विचारायची रीत नव्हती.

चित्रांच्या गोष्टींबद्दलही माझं मत ठरत नाही. मामंजी म्हणायचे तसं ते पोरांचं काम आहे असं कधी वाटतं, कारण ज्या बाईला एक अक्षर येत नव्हतं तिने ते पान बघताक्षणी बरोबर वाचलं आणि मी सातवी पास असून चुकले. पण मग वाटतं, छापील पुस्तकाने मला इतकं चुकू दिलं नसतं. तिथे लाटणं म्हणजे लाटणंच असतं, वाचणाऱ्याने आपल्या घरातलं काही त्यात घालायला जागाच नसते. ही जागा ठेवणं चांगलं का वाईट?

आता नातवंडं अशी पुस्तकं घरी आणतात. फुग्यांतली अक्षरं मराठी असतात, त्यामुळे अडायचं कारण नाही. तरी मी वाचायला घेतलं की आधी सगळी अक्षरं वाचून काढते, आणि पान उलटल्यावर लक्षात येतं की चित्र पाहिलंच नाही. मागे येऊन चित्र पाहू लागले की कोण काय म्हणालं ते विसरते. धाकटी नात म्हणते, “आजी, दोन्ही एकदम वाचायचं असतं.” ती वाचते तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे बघते, कुठून कुठे जातात ते. फार भरभर जातात, मला काही पत्ता लागत नाही.