मीटिंगमध्ये बाबांची पाळी

तुमसर रोड स्टेशनावर बाबा मला गाडीत बसवायला आले, तेव्हा त्यांनी खाणीतली ड्युटी बुडवली होती. माझ्या जाण्यापेक्षा त्यांना तेच जास्त लागून राहिलं आहे, असं मला तेव्हा वाटलं. सारखे घड्याळ बघत होते. खिडकीतून पाण्याची बाटली दिली, मग चिवड्याची पिशवी दिली, आणि गाडी हलली तशी दोन पावलं सोबत चालत म्हणाले, "मावशीच्या घरी नुसती बसून खाऊ नोको. तिच्या हाताखाली काम करत जाजो." आई जाऊन वर्ष होत आलं होतं. माझी अकरावी तिच्या दुखण्यात सुटली, ती सुटलीच.

मावशी रायपूरला तात्यापाऱ्यात राहायची, काका रेल्वेत. छत्तीसगढ राज्य नवंनवं झालेलं. राजधानी म्हटल्यावर ऑफिसंच ऑफिसं उघडत होती, आणि जुने कागद कॉम्प्युटरवर चढवायला माणसं कमी पडत होती. मावशीनं मला टायपिंगच्या क्लासला घातलं, काकांनी कुणाला तरी सांगून डेटा एन्ट्रीला लावलं. पुढे तिथल्याच एका साहेबांनी सॉफ्टवेअर तपासायला बसवलं, चुकले तरी बसू दिलं. यातलं एकही माणूस मला वाटेत भेटलं नसतं तर मी आज काय करत असते, याचा मी फार विचार करत नाही. भीती वाटते.

आता मी नवा रायपूरमध्ये राहते. मेलमध्ये माझ्या नावाखाली प्रोजेक्ट मॅनेजर असं येतं. टीममधली पोरं सगळी इंजिनियर, कुणी भिलाईत, कुणी पुण्यात. क्लायंटकडचा नवा माणूस सहज विचारतो, "मॅडम, आपने कहाँ से किया?" म्हणजे इंजिनियरिंग. मी म्हणते, "यहीं से, सर." खोटं तर नाही.

बाबा रिटायर झाले आणि घरी एकटेच होते. मग एकदा छातीत दुखलं. मी त्यांना रायपूरला आणून दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, यांना आता एकटं ठेवू नका. मला वाईट वाटायच्या आधी आनंद झाला, हे खरं आहे. इतकी वर्षं मीच फोनवर "या की बाबा, या की" म्हणत होते. आता त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं. त्यांच्यासाठी बाल्कनीची खोली रिकामी केली, पलंग आणला, दूधवाल्याला दूध वाढवायला सांगितलं.

हे वाचणारे तुम्ही जे गावाकडेच आहात, त्या तुम्हाला नवा रायपूर कसं सांगू. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि पलीकडे माणूस असतोच असं नाही. बाबा सकाळी फिरायला जायचे आणि येऊन म्हणायचे, "आज बी कोणी नाही भेटलं वं." माझे मिस्टर रेल्वेत, त्यांच्या ड्युटीचा भरवसा नाही. मुलगी रुची नववीत. तिला मराठी समजतं सगळं, पण उत्तर हिंदीतच. "नानाजी, टीवी लगा दूँ?" बाबा "हव" म्हणायचे. म्हणजे हो. गावचा तेवढा एक शब्द इथेही चालायचा. तो म्हटला की बोलणं संपायचं.

गावी त्यांचा दिवस बुद्धविहारापासून सुरू व्हायचा. कुलूप त्यांनीच उघडायचं, झाडून त्यांनीच घ्यायचं, मोहल्ल्यातल्या पोरांना रांगेत बसवून वंदना म्हणवून घ्यायची. मग टपरीवर चहा, मग कुणाच्या तरी भांडणात दोन शब्द. इथे त्यांना कुणाचं भांडण ऐकूसुद्धा यायचं नाही.

मी घरूनच काम करायचे तेव्हा. सकाळी लॅपटॉपवर सगळ्या टीमची छोटी मीटिंग असते. प्रत्येकानं आपली पाळी आली की तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, आणि कुठे अडकलं. आमच्यात एक नियम आहे, अडकलो म्हणणाऱ्याला रागवायचं नाही. ते सोडवणं हे माझं काम. बाबा मागे खुर्ची टाकून हे ऐकत बसायला लागले. पहिल्या दिवशी मीटिंग संपल्यावर म्हणाले, "एवढाल्या शिकलेल्या लोकायले तू हजेरी लावतं काय वं?"

"हजेरी नाही बाबा. कामाचं विचारते."

"आमच्या खाणीत मुकादम असाच विचारे. फक्त तो शिव्या दे."

मग ते रोजच बसायचे. टीमलाही माहीत झालं. भिलाईचा टेस्टर तर आधी त्यांनाच विचारायचा, "अंकल, तबियत?" मला वाटलं, चला, जमतंय. एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये बाबांना बसायला एक जागा सापडली.

एका सोमवारी सगळ्यांच्या पाळ्या झाल्या. मी बंद करणार तेवढ्यात तो टेस्टर म्हणाला, "मॅम, अंकल का अपडेट रह गया." सगळे हसले. बाबाही हसले. खुर्ची पुढे ओढून घेतली, घसा साफ केला, आणि माझ्याकडे न बघता लॅपटॉपकडे बघून बोलले.

"काल काही नाही केलं. आज बी काही नाही करत. अन् अडकलं म्हणशीन तं, बाप्पा, मीच अडकून राहिलो इथं."

पोरांना निम्मंच समजलं असेल. "सही है अंकल, हमारा भी यही हाल है," असं कुणीतरी म्हटलं, पुन्हा हशा झाला. मीही हसले, कॉल बंद केला. स्क्रीन काळी झाली आणि तिच्यात आम्ही दोघं दिसायला लागलो. बाबा म्हणाले, "गंमत केली वं." मी म्हटलं, "हो." दोघांनाही माहीत होतं.

दुपारी त्यांना विचारलं, गावी जायचं का. त्यांनी मीटिंगची खुर्ची उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाले, "तुह्या घरी कमी काहीच नाही, बाई. पण मले इथं कोणी हाक नाही मारत." मी डॉक्टरांचं सांगितलं. तुम्ही एकटे असताना काही झालं तर, असंही मी म्हटलं. ते म्हणाले, "होईन तं होईन. तू काहून भेतं?"

त्याच रविवारी मी त्यांना पोचवून आले. शेजारच्या शेवंताकाकूंनी जेवणाचं बघायचं कबूल केलं. गोळ्या कशा द्यायच्या ते त्यांना समजावलं, पुन्हा समजावलं. निघताना बाबा फाटकापर्यंतही आले नाहीत. विहाराकडे जायची घाई होती त्यांना. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीनंतर एका सकाळी काकूंचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि बायका मला बघून बाजूला सरकल्या.

सगळं आटोपल्यावर काकूंनी मला ताट वाढलं. समोर बसून सांगत होत्या, चांगलं वाटावं म्हणून. "तुह्याकडून आला ना, तवापासून लय खुशीत होता तुहा बाप. पोट्ट्यायच्या मागं लागे, टपरीवर बसे, हासे. येवढा खुशीत म्या त्याले कधी पायला नाही." मला ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. काकूंचे उपकार फिटणारे नाहीत. पण हातातला घास मी ताटात ठेवला. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आले, ते आता मला विचारतात, आई-बाबांना आणू का. मला सांगता येत नाही. इथेच ठेवून घेतलं असतं तर जगले असते, असंही वाटतं, आणि कसे जगले असते तेही मी पाहिलेलं आहे. रायपूरनं मला सगळं दिलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मी अजून गावाचंच नाव सांगते. माझे बाबा तिथे सुखात होते, आणि मी तिथे नव्हते.