सदाशिव पेठेतली खाट

सदाशिव पेठेत माझं म्हणण्यासारखं काही होतं, तर ती एक लोखंडी कॉट. खोलीत तशा तीन होत्या, त्यातली खिडकीजवळची माझी. खोली नाही, नुसती कॉट भाड्याने; पुण्यात याला ‘कॉट बेसिस’ म्हणतात. घरमालकीणबाईंना आम्ही मुली काकू म्हणायचो. बार्शीकडच्या गावातून कॉम्प्युटर शिकायला आलेली मी. सॉफ्टवेअर कंपन्या तेव्हा घाऊक भावात पोरं भरत होत्या, फक्त इंग्रजी बोलता यायला हवं होतं आणि तिथेच माझं घोडं अडलं होतं.

म्हणून नारायण पेठेत एक क्लास लावला. सरांनी सांगितलं, रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्या, त्याचे अर्थ आणि कूळ शोधा, आणि सगळ्यांसमोर बोला. मी कॉट घेतला. दुसरं होतं काय माझ्याकडे? वाचनालयातला जाडजूड कोश उघडला आणि मोठ्याने हसले. कॉट म्हणजे आपली खाट! साहेब इथे आले, खाटेवर आडवे झाले आणि शब्दच उचलून घेऊन गेले. त्यांच्या जहाजांवर टांगत्या बिछान्याला कॉट म्हणू लागले. विलायतेत आता तान्ह्या बाळाच्या कठड्याच्या पलंगाला कॉट म्हणतात, अमेरिकेत घडीच्या खाटेला. इंग्रजीत झोपडी या अर्थाचाही एक जुना कॉट आहे, कॉटेजमधला, पण तो वेगळ्या घराण्यातला. थोडक्यात, आमची खाट जग फिरून सदाशिव पेठेत परत आली होती. हे भाषण मी खोलीत इतकं घोकलं की काकूंना पाठ झालं.

नोकरी लागली आणि मला आकाश ठेंगणं झालं. कंपनीची बस सकाळी सातला कोपऱ्यावर यायची. त्या बसमध्ये मला चढताना आईला डोळ्यांनी पाहायचं होतं, कारण पोरगी पुण्यात नक्की करते काय, असं गावातले लोक तिला खोचकपणे विचारायचे. पण सातची बस पाहायची तर रात्रीचा मुक्काम हवा. मी काकूंना विचारलं.

“कॉट एकीची,” काकू म्हणाल्या. “दुसरी झोपली तर ती धर्मशाळा.”

तरीही आई आली. दुपारच्या एसटीने, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. निदान खोली बघून संध्याकाळच्या गाडीने परत जायचं ठरलं. ती कॉटवर टेकेना, उभीच राहिली. तेवढ्यात काकू दारात आल्या.

“अहो, बसा ना.”

“नगं. दुसऱ्याच्या घरात इचारल्याबिगर कसं बसावं?”

“तुमच्याकडे पाहुणा आला की काय करता तुम्ही?”

“पयली खाट टाकतो की.”

काकू माझ्याकडे वळल्या. “ऐकलंस? ही मूळची खाट म्हणून इतके दिवस माझं डोकं खाल्लंस ना? मग खाटेवर पाहुण्या झोपतील. तू खाली, सतरंजीवर.”

मी त्यांना मिठीच मारणार होते, पण चेहरा बघून आवरलं.

सकाळी मी तयार झाले तरी आई गाढ झोपेत. आमच्या घरी खाट होती, पण ती आजोबांची आणि आल्यागेल्याची. आई जमिनीवर पथारी टाकायची, सगळ्यांच्या मागून निजायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. तिला झोपलेली मी कधी पाहिलीच नव्हती. उठवावं की नाही, कळेना. शेवटी काकूंनीच ढोसलं. “अगं, उठव! बस बघायला आल्यात त्या.”

आई केस बांधत धावली, मागून काकू. बस आली, मी चढले. खिडकीतून पाहिलं तर आई दोन्ही हात हलवत होती आणि ओळखीच्या नसलेल्या लोकांनाही माझ्याकडे बोट करून दाखवत होती. मी बसमध्ये एकटीच हसत बसले.

संध्याकाळी परतले तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “बस गेल्यावर तुझी आई परत येऊन झोपली. गाडीच्या वेळेपर्यंत मी काही उठवलं नाही.”