दोन सी, दोन एम

दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर करून मास्तर समोरच्या माणसाला दाखवायचे आणि म्हणायचे, "दोन सी, दोन एम. यातलं एक जरी गळलं तर अर्ज गेला म्हणून समजा."

समोरचा माणूस बहुधा गिरणीतली पाळी संपवून थेट आलेला असे. त्याला सी आणि एमशी काही देणंघेणं नसे, त्याला राहायला खोली हवी असे. पण खोलीसाठी अर्ज इंग्रजीत करावा लागे आणि 'अकोमोडेशन' हा शब्द घातल्याशिवाय तो पुरा होत नसे. मुंबईत तेव्हा ही वस्तू जितक्यांना हवी होती त्यातल्या फार थोड्यांना तिचं नाव लिहिता येत होतं. आमच्या कचेरीतल्या बी.ए. झालेल्या कारकुनांना येत नव्हतं. मलाही येत नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मी गिरगावात जागावाटपाच्या एका कचेरीत येणारे अर्ज घ्यायचं काम करत होते. कचेरी पहिल्या मजल्यावर होती आणि खाली जिन्याशेजारी फुटपाथवर अर्ज टाइप करून देणाऱ्या ह्या गृहस्थांचं टेबल, टेबलावर टाइपरायटर, वर दोरीने बांधलेली छत्री. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवलं त्यांनी कुठल्याच शाळेत नव्हतं. राजापूरकडचे होते, मॅट्रिकला एकदा बसले होते आणि पुढे काय झालं विचारलं की छत्रीची दोरी घट्ट करू लागायचे. कोर्टाबाहेर, पोस्टाबाहेर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडून काम करून घ्यायचं आणि त्यांचं तोंड विसरायचं, असंच आपण करतो.

मास्तर मात्र विसरू देत नसत. अर्ज टाइप करण्याआधी ते त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगत. "राहायची जागा, हा एक अर्थ झाला. एखाद्याची सोय करणं, हा दुसरा. आणि आपण जरा आवरून बसून दुसऱ्याला जागा करून देणं, हा तिसरा. साहेबाला तिन्ही ठाऊक असतात."

एकदा लालबागच्या गिरणीतला एक साचेवाला वैतागून म्हणाला, "मास्तर, खोली एकच पायजे ओ. मग सी दोन कशाला?"

"एक तुझा, एक बायकोचा," मास्तर म्हणाले आणि कागद यंत्रात चढवला.

त्यांची स्वतःची बायको गावी होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यातले एकत्र राहण्याचे दिवस शिमगा आणि गणपती धरून मोजावे लागत. मास्तर परळला एका खोलीत झोपायची जागा धरून होते. त्या खोलीत बाराजण पाळीपाळीने झोपत. त्यांचाही अर्ज आमच्याकडे होता. पण त्याची चौकशी करायला ते कधी वर आले नाहीत. मी जाता-येता म्हणे, "मास्तर, एक स्मरणपत्र तरी द्या." त्यावर ते म्हणत, "रांग आहे ना बाई. माझ्यापुढची माणसं मीच टाइप केलीत."

मोर्चा असला की टाइपरायटर आमच्या शिपायाच्या हवाली करून ते जात आणि घसा बसवून परत येत. मी एकदा त्यांना छेडलं. मुंबई आपली झाली, अर्ज मराठीत झाले, तर तुमचं काय होणार? ते बसलेल्या घशाने म्हणाले, "मराठीतपण लोक चुकतातच की, बाई."

आता आमच्या कचेरीबद्दल सांगते. खालून येणारा अर्ज मी घ्यायची, त्यावर शिक्का मारायची आणि गठ्ठ्यावर ठेवायची. शंभर अर्ज झाले की गठ्ठा बांधून कपाटात जाई. खोली रिकामी झाली की तशी चिठ्ठी येई, आणि साहेबांच्या टेबलावर त्या वेळी जो गठ्ठा असेल त्यातला वरचा कागद त्या चिठ्ठीला लागे. बाकीचे कपाटात. ज्यांची ओळख असे त्यांचे कागद वर येत. अर्ज वाचायची पद्धतच आमच्याकडे नव्हती. हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळलं आणि पुढे मला त्याचं काही वाटेनासं झालं. माणूस दमला की त्याला कशाचीही सवय होते.

फक्त मास्तरांची बोटं दिसली की जिना चढताना मला जड वाटायचं. त्यांना सांगावं असं कितीदा तरी मनात आलं. पण सांगून त्यांच्या हातात काय उरलं असतं?

मग एका सकाळी लालबागच्या एका खोलीची चिठ्ठी आली. भाडेकरू मयत, जागा रिकामी. साहेब यायचे होते. मी कपाट उघडलं, मास्तरांचा अर्ज शोधून काढला आणि साहेबांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यावर ठेवून दिला. एवढंच केलं. दुपारपर्यंत हुकूम निघाला. खाली जाऊन मी तो त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला, आणि मला वाटतं, स्पेलिंगही तपासलं. त्या दिवशी घरी जाताना मी खूश होते. कित्येक महिन्यांत तशी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मास्तर जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"खोली बघून आलो, बाई."

"कशी आहे?"

"चांगली आहे. आत माणसं आहेत."

मयत भाडेकरूची बायको, दोन मुलं आणि सासू. जागा रिकामी म्हणजे ज्याच्या नावावर होती तो माणूस गेला, एवढाच चिठ्ठीचा अर्थ होता. ती बाई मास्तरांना बघून उलट बरं वाटल्यासारखी म्हणाली होती, "मास्तर, तुम्हीच लिहून दिलावतात ना अर्ज? खोली माझ्या नावावर करायचा? काय कळलं काय त्याचं?"

"शिमग्याच्या आधी टाइप केलेला मी," मास्तर मला म्हणाले. "साहेबांनी तो वाचला असता तर मला ही खोली दिलीच नसती. वाचला नाय काय त्यांनी?"

मी कपाट उघडलं. अर्ज तिसऱ्या गठ्ठ्यात होता. गाठ मीच मारलेली होती आणि ती तशीच होती.

"मग वाचतं कोण, बाई?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण त्या वेळी ते रचण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती. मी म्हटलं, "कुणी नाही, मास्तर."

"आणि माझा?"

"मी वर ठेवला."

ते कपाटापुढे उभे राहिले. एकावर एक रचलेले गठ्ठे, प्रत्येकाच्या कडेला त्यांच्या टाइपरायटरची ती जराशी वर उडालेली अक्षरं. "सगळे माझेच दिसतात," ते म्हणाले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

अर्ध्या तासाने ते खालून एक कागद टाइप करून घेऊन आले. मिळालेली जागा नको असल्याचं पत्र होतं. "ह्याच्याखाली तिचा अर्ज लावा," ते म्हणाले. "आणि दोन्ही वर ठेवा. आता तुम्हांला जमतं ते."

शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून मारलं नव्हतं. मला मात्र ते लागलं.

"मास्तर, जागा नाकारली की नाव यादीतून जातं. कायमचं."

"मला नियम सांगताय?" ते म्हणाले. "मीच लोकांना सांगतो तो."

"वहिनींना काय कळवाल?"

"कळवेन, गणपतीला येतो म्हणून."

पंधरा दिवसांत खोली त्या बाईच्या नावावर झाली. त्या नोकरीत माझ्या हातून झालेलं हे एकच बरं काम, आणि तेही मीच घातलेला घोळ निस्तरण्यासाठी.

मास्तर त्यानंतरही येत राहिले. पण बोटं वर करणं थांबलं. कुणी बसलं की ते नाव, गाव, पत्ता विचारत आणि टाइप करत. एकदा एक तरुण घरून मजकूर लिहून घेऊन आला होता. त्यातला एक एम गळला होता, हे मला बाजूला उभं राहून दिसलं. मास्तरांनी बरोबर टाइप केलं, कारण त्यांच्या हाताला दुसरं येतच नव्हतं. बोलले मात्र नाहीत. त्याने अर्थ विचारला तेव्हा म्हणाले, "जागा." मला तिथे थांबवेना. मी वर जाऊन शिक्के मारत बसले.

पुढच्या शिमग्याला ते गावी गेले आणि परत आले नाहीत. आमच्या शिपायाला सांगून गेले होते की आता बायकोला इथे आणायचं काही जमत नाही, तर मीच जातो. मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा रस्त्यात गुलाल उडत होता, आणि मास्तरांच्या जागी घड्याळं दुरुस्त करणारा एकजण बसायला लागला होता.

मग कधीतरी यादीतून गेलेल्या नावांचे कागद फाडून टाकायचा हुकूम आला. त्यात मास्तरांचा अर्ज निघाला. लाल शाईची आडवी रेघ मारलेला. लालबागच्या खोलीची चिठ्ठी अजून टाचणीने त्याला लावलेली होती.

मी तो वाचला. सुरुवात सगळ्या अर्जांसारखीच होती. खाली, सहीच्या वर, दोन ओळी जास्तीच्या होत्या. पत्नीचा उजवा पाय लहानपणापासून अधू असून तिला जिना चढता येत नाही. तरी खोली तळमजल्याची मिळाल्यास उपकृत होईन, बाकी कसलीही अट नाही.

टाचणीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: एक खोली, तळमजला, नळ दारासमोर. ते बघून आले होते आणि मला फक्त चांगली आहे म्हणाले होते. मी त्यांचा अर्ज शोधून काढून वर ठेवला होता, तेव्हा तो मीही वाचला नव्हता.