टोपीला पडसं

आमच्या मास्तरांचं नाक गळायचं. शेंड्याशी एक थेंब येऊन लोंबायचा, तपकिरीनं करडा झालेला, आणि मास्तर बोलत असेपर्यंत पडू की नको करत तिथंच डुलायचा. मास्तर तपासायला वाकले की आम्ही पाट्या मागे ओढायचो. गावात त्यांना ठिबक्या मास्तर म्हणत. आज म्हातारपणी हे सांगतानाही मी पदर नाकाला लावते.

शहाद्याजवळच्या आमच्या गावात तेव्हा शाळा कापसाच्या वखारीत भरायची. एकदा तो थेंब माझ्या पाटीवर पडलाच. मी 'शी!' करून किंचाळले. दुसरा कुणी शरमला असता. मास्तर मात्र हरखले. "देख, देख! कोणी ढकला नही, कोणी फेका नही. तरी खालेच गया. का बरं?" मग म्हणाले, "धरतीमाय वढस. समदासले वढस. राजाले बी, शेंबुडले बी." वढस म्हणजे ओढते; गुरुत्वाकर्षण मी शिकले ते असं. ती पाटी मी घरी राखेनं घासघास घासली.

आधी घरच्या अहिराणी बोलीत समजू द्या, मग पुस्तकात वाचा, असा त्यांचा हट्ट होता. पृथ्वी गोल आहे म्हटल्यावर मला धडकीच भरली. खालच्या अंगाची माणसं घसरून जात असतील! मास्तरांनी आम्हाला नांगरलेल्या शेतात नेऊन उताणं निजवलं. "आते वर उडी दाखाडा." कुणी उडेना. "खाले म्हंजे धरतीकडे. जठे जाशी तठे ती खालेच शे," ते म्हणाले. पाठीखाली ढेकळं टोचत होती आणि मला फार सुरक्षित वाटत होतं. मास्तरांनी मग हात धरून उठवलं. तो हात कशानं ओला होता याचा विचार मी आजही करत नाही.

निजलेल्या पोरांत आमच्या सालदाराची भिल्ल पोरंही होती. शाळेतही ती आमच्याच सतरंजीवर बसायची. माझे काका गावातलं मोठं प्रस्थ. त्यांना हे खपत नव्हतं, पण मास्तरांना काढायला निमित्त सापडत नव्हतं. मास्तर हंगामी होते. दिप्टीसाहेब तपासणीला येऊन खूश झाले तर कायम, नाहीतर घरी. घरी म्हातारी आई आणि चुलीवर चढायला या पगाराखेरीज काही नाही.

साहेब आले त्या दिवशी काकाही वखारीत येऊन बसले. साहेब पुण्याकडचे. मास्तरांशेजारी बसायची वेळ आली तसा त्यांनी रुमाल नाकाला लावला. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. शिकवलंय काय ते पाहायला त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि विचारलं, "ही वर फेकली तर काय होईल?"

"पडस!" सगळा वर्ग ओरडला.

"काय?"

"पडस!" आम्ही आणखी जोरात.

अहिराणीत पडस म्हणजे पडते. साहेबांनी मास्तरांच्या नाकाकडे पाहिलं. "टोपीला पडसं होतं? हे शिकवता तुम्ही? की पोरं तुमची टिंगल करताहेत?"

मास्तर लगबगीनं पुढे झाले. "साहेब, पडस म्हणजे आमच्या बोलीत..." आणि घात झाला. थेंब सुटला तो थेट साहेबांच्या चकचकीत बुटावर. साहेबांचा चेहरा असा झाला की मलाही ओकारी आली.

तरी त्यांनी काकांना विचारलं, "असा काही शब्द आहे का हो तुमच्याकडे?"

काका पांढऱ्याशुभ्र धोतरात बसले होते, कानात अत्तराचा फाया. ते हसले. पुस्तकी मराठीत, सावकाश म्हणाले, "छे हो साहेब! आम्ही तरी कधी ऐकला नाही."

साहेबांनी मास्तरांना उभ्या उभ्या सांगितलं, उद्यापासून यायचं नाही.

दुपारी नंदुरबारला निघालेल्या कापसाच्या गाडीवर मास्तरांनी आईला आणि वळकटीला चढवलं. आम्ही पोरं गाडीमागे रडत चाललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसले. "आते तुन्हं नाक बी ठिबकी ऱ्हायनं!" मी फ्रॉकला नाक पुसलं. गाडी वळली.

संध्याकाळी काका ओट्यावर जेवायला बसले. मी वाढायला उभी. अत्तराचा तो वास मला सहन होत नव्हता. काका शेजाऱ्याला सकाळची गंमत सांगत होते, टोपीला पडसं म्हणून मांडीवर थाप मारत होते. हात उडवताना त्यांचं कोपर कडेला ठेवलेल्या तांब्याला लागलं. तांब्या माझ्या हाताशीच कलंडला.

"ओ पोरी!" काका ओरडले, "तांब्या पडस! धर ना!"

मी धरला नाही.