हडंब्याच्या तोंडावरचा पत्रा

पिंपळगाव रेणुकाईत पुंजारामनं मळणीचं यंत्र आणलं. गाव त्याला हडंबा म्हणायचं. बैलांच्या पायाखाली आठवडाभर चालणारी ज्वारीची मळणी त्यावर एका दुपारात उरकू लागली. पुंजाराम कामाला वाघ, पण भारी उतावळा. कणसं लोटणाऱ्याचा हात आत जाऊ नये म्हणून यंत्राच्या तोंडावर एक पत्रा असे. त्यानं काम मंदावतं म्हणून पुंजारामनं कोणाला न सांगता तो काढूनच टाकला.

१९९३च्या सुगीत त्याचा जुना दोस्त बद्रीनाथ याच्या शेतात मळणी चालली होती. बद्रीनाथची बायको गोजरबाई तोंडाशी उभी राहून कणसं लोटत होती. कणसं अडकली म्हणून तिनं जोर लावला, आणि उजवा हात कोपरापर्यंत आत गेला.

पुंजारामनं यंत्र बंद केलं, तिला कडब्यावर आडवं केलं. बद्रीनाथ जीप आणायला गावाकडं धावला, बाकीची माणसं पाण्याला. तेवढ्यात पुंजारामनं पान्हा उचलून आधी पत्रा जागेवर बसवला. मग तिच्या हाताला उपरणं बांधलं.

"वहिनीचं ध्यान नव्हतं," जालन्याच्या दवाखान्याबाहेर त्यानं सांगितलं. "पत्रा बराबर होता."

बद्रीनाथनं ते खरं धरलं. पुढं घरात दूध उतू गेलं तरी तो म्हणायचा, "तुझं ध्यान असतं कुठं? असतं तर हात गेला असता का?"

हे कानावर पडलं की पुंजाराम काहीतरी निमित्त काढून तिथून उठायचा. हडंबा त्यानं टेंभुर्णीच्या एका माणसाला विकून टाकला. बद्रीनाथची नांगरट तो दरसाल फुकट करून द्यायचा. दोस्त असावा तर असा, असं लोक म्हणायचे, आणि ते कौतुक त्याला चाबकासारखं लागायचं. गोजरबाई समोरून येताना दिसली की तो वाट बदलायचा.

अशी काही वर्षं गेली. एका नवरात्रात ती रेणुकाईच्या देवळात एकाच हातानं झेंडूचे हार ओवत बसली होती. पुंजाराम दर्शन घेऊन वळला, तशी तिनं हाक मारली, "भाऊ, दोऱ्याचं टोक धरता का जरा?"

आता पळायला जागा नव्हती. तो खाली बसला. त्यानं टोक धरल्यावर ती हळूच म्हणाली, "तुम्ही पत्रा बसवून राह्यले होते, तवा मी शुद्धीवर होते."

दोरा त्याच्या हातातून सुटला. "मंग बोलल्या का न्हाई?"

"कोणाचा इस्वास बसला असता? रोज देवीपाशी तुमचं वाटोळं मागायची. तुमच्या लेकरांचंबी. एक दिवस हितंच बसून तुमच्या धाकटीचं वाईट चिंतलं. उठले तर तीच पोरगी माझी घागर उचलायला पुढं आल्ती. लई लाज वाटली. आईला म्हणलं, त्या दिशी कोणी न्हाई तरी तू बघत होतीस. न्याय तुझा तू कर. माझ्याच्यानं हे वझं झेपत न्हाई."

"म्हंजी... माफ केलं मला?"

"केलं. कव्हा कव्हा पुन्हा पेटतं, मंग पुन्हा तिच्या पायाशी ठिवते. पण त्या माफीच्या आड तुम्ही लपू नका. माझा नवरा मला येंधळी समजतो. खरं काय ते त्याला तुम्हीच सांगा."

पुंजाराम तसाच शेतावर गेला. बद्रीनाथपुढं सगळं ओकला, पान्ह्यासकट. बद्रीनाथनं हात उगारला, पण तो तसाच खाली घेऊन बांधावर मटकन बसला. "इतकी वर्षं मी तिला काय काय बोललो," एवढंच तो म्हणाला.

दोस्ती काही पुन्हा जुळली नाही. बद्रीनाथ बायकोला मात्र पुन्हा तसं कधी बोलला नाही. गोजरबाई पुंजारामला पहिल्यासारखीच भाऊ म्हणायची, भेटली की पोराबाळांची विचारपूस करायची. तो मान खाली घालून उत्तर द्यायचा.

"तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं," एकदा तो आपल्या बायकोला म्हणाला.