आत्याबाईंची बादली

माझं माहेर अर्धापूरचं. तिथे केळीच्या बागा आणि कॅनॉलचं पाणी, त्यामुळे पाण्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. सासर लातूरचं. इथे नळाला पाणी कधी येणार हे माणसं जेवण झालं का इतक्या सहज एकमेकांना विचारतात. नवी नवरी असताना मी तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतलं, तेव्हा माझ्या सासूबाई अशा दचकल्या की मला वाटलं पाण्याबरोबर तांदूळही गेले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमच्या दोघींचं भांडण आजही पाण्यावरूनच होतं, बाकी सगळं छान जमतं. दोघी तापट असल्यामुळे भांडण पटकन पेटतं आणि पटकन विझतं.

भांडी धुण्याचं मशीन आमच्याकडे आलं ते आत्याबाईंच्या हातांमुळे. बोटांना आणि तळव्यांना भेगा पडल्या होत्या, साध्यासुध्या नाही, रक्त येणाऱ्या. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि बजावलं की साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही, घासणीला तर शिवायचंही नाही. रबरी मोजे आणले. आत्याबाईंनी ते एकदा घातले आणि "माझ्या हाताला भांडंच कळंना" म्हणून खुंटीला टांगून ठेवले. कामाला बाई ठेवली, तर तिने घासलेलं प्रत्येक भांडं आत्याबाई तिच्या देखत पुन्हा विसळायच्या. बाई रागावून निघून गेली. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

मी घासते म्हटलं, तर मी सकाळी शाळेत शिकवायला जाते ती दुपार उलटल्यावर येते. तोपर्यंत मोरीत खरकटं पडलेलं आत्याबाईंना बघवत नाही. खरकटं घरात पडून राहिलं की त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही म्हणे. मग मी घरी येईपर्यंत भांडी लख्ख आणि त्यांचे हात लाल.

भाकरी बंद झाली होती. गरम पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ भेगेत शिरलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी थापते, पण माझ्या भाकरीचा काठ तव्यावर जायच्या आत फाटतो, आणि ती बघून माझा नवरा "पोळीच कर" असं फार प्रेमाने सांगतो. पण आत्याबाईंना रोजच्या भाकरीचं दुःख नव्हतं. त्यांना धास्ती होती वेळ अमावस्येची.

बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला लातूर शहर ओस पडतं. ज्याचं शेत आहे तो शेतात जातो, ज्याचं नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. ज्वारी-हरभऱ्याच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून पूजा करायची आणि मग शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील नि उंडे यांवर ताव मारायचा. उंडे म्हणजे पिठाचे हाताने वळून वाफवलेले गोळे. आमच्या भावकीचे उंडे आत्याबाई वळतात. लग्न होऊन आल्यापासून त्याच वळत आल्या आहेत, आणि दुसऱ्या कुणी वळलेले भज्जीत फुटतात अशी त्यांची ठाम समजूत आहे. दिवाळी जवळ आली तशा त्या हात उलटेपालटे करून बघायला लागल्या. "अवसेपर्यंत व्हतील का गं बरे?" असं मला विचारायच्या, आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणायच्या, "न्हाई व्हत."

आणखीही एक गोष्ट बंद पडली होती. मी माहेरी निघाले की त्या माझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं कडाकड मोडायच्या. या दिवाळीत मी निघाले तेव्हा हात अर्ध्यावर आणून त्यांनी मागे घेतले. "टोचंल तुला," म्हणाल्या. एसटीत बसल्या बसल्या मी भांड्यांच्या मशीनचं ठरवून टाकलं. भाऊबीज झाल्या झाल्या मी भावाला घेऊन नांदेडच्या दुकानात गेले.

नवंकोरं मशीन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. कोपऱ्यात एक मांडून ठेवलेलं होतं, आठ माणसांच्या भांड्यांचं, एका बाजूला पोचा आलेलं. दुकानदार म्हणाला, "ताई, पोच्याची बाजू भिंतीकडं करा, कुणाला दिसून राहिली?" मला पटलं. भावाच्या केळीच्या टेम्पोत खाली केळीची पानं अंथरून, वर केळीची पानं पांघरून मशीन लातूरला आलं. गल्लीतल्या लोकांना वाटलं आमच्याकडे सत्यनारायण आहे.

आत्याबाईंनी दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती लागतं?"

"एक बादली. सगळ्या भांड्यांना मिळून एक."

"एका बादलीत तर नुस्ती कढई निघत न्हाई."

मशीन ओट्याखाली मावलं नाही, म्हणून वेल्डरकडून लोखंडी घोडा करून घेऊन ते मागच्या मोरीत ठेवलं. बसवायला कंपनीचा माणूस आला. स्वभावाने गोड, दखनी वळणाचं बोलणारा. त्याने नळ जोडला, बोअरच्या जड पाण्यासाठी मशीनच्या पोटात मीठ भरलं (आत्याबाई म्हणाल्या, "ह्याला चव बी लागती का?") आणि घाण पाणी बाहेर सोडणारा पाइप भिंतीवर उंच हूक मारून, तिथून वळवून मोरीच्या तोंडात सोडला. सगळ्या सूचना त्याने माझ्या नवऱ्याला दिल्या, कारण मी चहा टाकत होते. नवरा मान डोलावत होता. तो समोरच्याला बरं वाटावं म्हणून मान डोलावतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

पहिली खेप झकास निघाली. ताटात तोंड दिसत होतं. आत्याबाईंनी एक वाटी उचलून वास घेतला, बोट फिरवलं, उजेडात धरली. खोट सापडली नाही, त्यामुळे त्या जरा नाराजच झाल्या.

खरी गंमत दिवाळीची सुट्टी संपून मी शाळेत जायला लागल्यावर सुरू झाली. मी त्यांना बटण दाखवून ठेवलं होतं. दुपारी जेवणं झाली की भांडी लावायची आणि बटण दाबायचं, बस. मी घरी आले की रोज तेच ऐकायला मिळायचं. मशीन तासन्‌तास गुरगुरतं, मध्येच पीं पीं करून बंद पडतं, आणि भांड्यांना डाळ तशीच चिकटलेली.

"आणि पाणी! लई पाणी पितंय हे," आत्याबाई म्हणाल्या. "एक बादली म्हणून राहिलीस, हितं बादल्यांवर बादल्या निघाल्या."

"आत्याबाई, कंपनीने लिहिलंय एक बादली."

"कंपनीच्या घरी नळाला पाणी रोज येत आसंल."

मी चिडले. मशीनचा त्यांना पहिल्यापासून राग आहे म्हणून त्या वाढवून सांगतात, असं माझं ठाम मत झालं. त्यांचं ठाम मत झालं की अर्धापूरच्या बाईला पाण्याची किंमत नाही. या भांडणात आम्ही इतक्या रंगलो की बादल्या मोजल्या कशा, एवढं साधं विचारायचं मला सुचलंच नाही. रात्री आत्याबाई झोपल्यावर मी लावलं की मशीन शहाण्यासारखं चालायचं, त्यामुळे तर माझा संशय पक्का झाला.

तरी कंपनीच्या माणसाला बोलावलं. परका माणूस येणार म्हणून आत्याबाईंनी सकाळपासून मोरी आवरली, बादल्या पालथ्या घातल्या, सगळं जागच्या जागी ठेवलं. त्याने मशीन चालवून बघितलं. भांडी चकचकीत निघाली.

"भाभी, मशीनमध्ये काहीच खराबी न्हाई," तो म्हणाला. "एकदम अव्वल चलतंय."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी मशीनकडे असं बघितलं की जणू त्याने चारचौघांत त्यांना खोटं पाडलं होतं. मला तेव्हा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

तो आनंद फार टिकला नाही. एका संध्याकाळी बघते तर आत्याबाईंच्या बोटाला दस्ती, म्हणजे हातरुमाल, गुंडाळलेली आणि तिच्यावर लाल डाग. मशीनमधून डाळ लागलेली भांडी निघायची ती त्या मी यायच्या आत पुन्हा हाताने घासत होत्या. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर पुन्हा भांडण. भेगा सगळ्या नव्याने उघडल्या होत्या आणि अमावस्या अगदी तोंडावर आली होती. मी खूप ओरडले.  त्या हात पदराखाली घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "औंदा धाकल्या जावंला सांगते उंडे कराया." त्यांनी उलट भांडायला हवं होतं. त्यांनी हार मानली याचीच मला भीती वाटली.

रविवारी मी ठरवून घरी थांबले आणि दुपारी मोरीच्या दारात उभी राहिले. आत्याबाईंनी बटण दाबलं. मग सावकाश, रोजच्या सवयीने, भिंतीवरच्या हुकातून पाइप काढला आणि खाली ठेवलेल्या बादलीत सोडला.

"हे काय करून राहिलात?"

"काय म्हंजी? पाणी गटारात जाऊ देऊ व्हय? संडासाला व्हतंय, आंगणात माराया व्हतंय. झालं की पाइप पुन्ना टांगते जाग्यावर."

मी बादलीत वाकून बघितलं. मशीन पाणी घेत होतं आणि घेतलेलं पाणी तसंच्या तसं पाइपमधून बादलीत येत होतं. खरकट्याचा कण नाही, साबणाचा फेस नाही, टाकीतलं पाणी भांड्यांना भेटून निघून चाललं होतं. बादली भरली. आत्याबाईंनी शांतपणे दुसरी लावली.

"बघ की. मी काय खोटं बोलते का?"

त्या अजिबात खोटं बोलत नव्हत्या. तेवढ्यात नवरा आतून आला, पाइपकडे बघून म्हणाला, "अरे हो, तो म्हणाला होता की पाइप कंबरेच्या खाली आणायचा नाही. आणला तर पाणी आत थांबतच नाही, वाहून जातं."

"मग अहो, सांगितलं का नाही?"

"तू विचारलंच नाहीस."

त्या वेळी आत्याबाई आणि मी पहिल्यांदाच एका बाजूला झालो आणि दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडलो. फार समाधान वाटलं.

पाइप पुन्हा हुकात अडकवायचा आणि पाणी गटारात सोडायचं, एवढाच इलाज मला दिसत होता. आत्याबाईंना तो मान्य होणं शक्य नव्हतं, आणि मी नसताना त्या काय करतील तेही मला दिसत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. "कंबरेच्या वर पायजे एवढंच ना?" म्हणाल्या आणि जिन्याकडे निघाल्या. गच्चीवर दुष्काळाच्या सालातला निळा ड्रम पडून होता. तो भंगारात द्या म्हणून मी त्यांच्या कितीतरी वेळा मागे लागले होते. नवऱ्याने तो खाली आणला. उंचीला बरोबर माझ्या कंबरेच्या वर. पाइप त्याच्या काठावर बांधला आणि बटण दाबलं.

भांडी स्वच्छ निघाली. ड्रममध्ये गढूळ, तेलकट पाणी जमलं. आत्याबाईंनी ते बादलीत काढून मोजलं.

"एकच हाय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "वर तांब्याभर."

त्या तांब्याभरावरून मी वाद घातला नाही. त्यांनी ते पाणी एकदा कढीपत्त्याला घातलं आणि कढीपत्त्याने मान टाकली, तेव्हापासून ते संडासालाच जातं. पण साबणाच्या पाण्यात हात घालणं सुटलं. मलम रात्रभर राहायला लागलं. सकाळी चहा पिता पिता त्या हात पुढे करायच्या आणि मी मास्तरीण असल्यामुळे तपासून शेरा द्यायचे. "बरे", मग "ठीक", मग "चांगले".

अवसेच्या पहाटे स्वयंपाकघरातल्या आवाजाने मला जाग आली. आत्याबाई परातीत पीठ मळत होत्या, दोन्ही हात मनगटापर्यंत आत. मी दारात उभी राहिले तर म्हणाल्या, "बघत काय बसलीस, पाणी दे. कमी दे."

शेतात एकही उंडा भज्जीत फुटला नाही. भावकीतल्या एक म्हाताऱ्या बाई त्यांचे हात धरून म्हणाल्या, "बरे झाले की गं! काय लावलंस?"

"मशीन घेतलंय भांड्यांचं," आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लई कमी पाणी लागतं त्याला. एक बादली."

तांब्याभराचा उल्लेख त्यांनी गाळला.

ऊन उतरलं तेव्हा विहिरीजवळ, मोटारीच्या नळीपाशी, भांड्यांचा ढीग पडला होता. इथे ना मशीन, ना बटण. आत्याबाई सवयीने पदर खोचून पुढे सरकल्या. मी त्यांच्या हातातून घासणी काढून घेतली आणि त्यांना शेजारच्या दगडावर बसवलं. भावकीची सगळी भांडी मी घासली, त्या मांडीवर हात ठेवून बसल्या आणि नळी बारीक कर, एवढं पाणी कशाला, असं शेवटच्या ताटापर्यंत सांगत राहिल्या. मी बारीक केली.

उठले तेव्हा त्यांनी माझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळी मोडली, कडाकड.

"टोचलं का गं?"

"न्हाई," मी म्हटलं. आणि खरंच टोचलं नव्हतं.