जेवणाच्या सुट्टीत चमकणारा दिवा

माझ्या वन्सं, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण, एका मोठ्या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं टेलिफोन बोर्डावर होत्या. बोर्ड निघाला, कॉम्प्युटरचं जाळं आलं, तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. तरी शिकल्या आणि जाळं सांभाळू लागल्या. तरुण मंडळी मागून ‘फोनवाल्या मावशी’च म्हणत.

मागच्या वर्षी तिथला राउटर सारखा बंद पडायला लागला. राउटर म्हणजे कुठला निरोप कुठल्या वाटेनं जायचा ते बघणारी पेटी. ती तासाला चारदा मान टाकायची आणि लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोचायचे नाहीत. कंपनीच्या इंजिनिअरनं नवा राउटर बसवला, तर त्याचीही तीच गत. तेव्हा तो मोठ्या डॉक्टरांसमोर म्हणाला, “पेटी चांगली आहे. हाताळणाऱ्यांचं वय झालंय.”

डॉक्टर वन्संना म्हणाले, “बाई, उद्यापर्यंत बघतो. नाहीतर काम बाहेर देऊ. तुम्ही चौकशीच्या खिडकीवर बसा.”

घरी येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, “वन्सं, सासू बदलली तरी भांडण तेच. मग खोट सुनेत बघावी.”

“राउटरला दोनशे कॉम्प्युटर जोडलेत. सुना दोनशे आहेत गं,” एवढंच म्हणाल्या.

मी देवापुढे हात जोडले. अक्कल मागितली नाही, ती वन्संना होतीच. एक दिवस मागितला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसं ओस पडली आणि त्या डबा घेऊन वायरींच्या कपाटासमोर बसल्या. ही बोर्डावरची सवय. लोक जेवायला गेले की दिवे विझायला हवेत, न विझला तर काहीतरी अडकलंय. इथेही प्रत्येक वायरीला एक दिवा होता. बहुतेक शांत झाले. एक मात्र वेड्यासारखा चमकत होता. त्याची वायर धरून त्या रेकॉर्डच्या खोलीत पोचल्या. तिथले कारकून काका हात पुसत येत होते.

“मी तर कॉम्प्युटरला हातही लावला नाही, बाई.”

“तुम्ही जेवायला गेलात काका, तो एकटाच बोलत बसलाय.”

वन्संनी वायर उपटली. राउटर संध्याकाळपर्यंत एकदाही पडला नाही.

त्या कॉम्प्युटरमध्ये वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा व्हायरस, शिरला होता. दुसरे कॉम्प्युटर धरायला तो मिनिटाला हजारो पत्त्यांवर दार ठोठावायचा. प्रत्येक ठोठावणं राउटरला लक्षात ठेवावं लागे, आणि त्यात त्याचं डोकं भरून जाई.

“म्हणजे हल्ला राउटरवर नव्हताच?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही साहेब. दुसऱ्याच्या उचापतींनी दमला बिचारा.”

इंजिनिअर खाली बघत म्हणाला, “मावशी, मी दिवे बघितलेच नव्हते.”

“आता बघत जा,” वन्सं म्हणाल्या.

चौकशीच्या खिडकीचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या दिवशी डबा भरलेलाच परत आला. एरवी मी ऐकवलं असतं. त्या दिवशी तोच गरम करून वाढला.